प्रमाण देह कोणाचा?

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाकडून इतिहासावरील लेखाचीच अपेक्षा असणार, हे आम्ही जाणून होतो. तीस वर्षे आम्ही मुलांना सनावळ्या शिकविल्या. पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा आमच्या वाट्याला कधी आली नाही. तरीही आज आम्ही लिहिणार आहोत ते वैद्यकीय तपासणीच्या यंत्रांविषयी, आणि त्या यंत्रांची परीक्षा घेण्यासाठी माणसाच्या देहाऐवजी ज्या वस्तू ठेवल्या जातात त्यांविषयी. विषय वरवर परका वाटेल. परंतु शेवटपर्यंत वाचल्यास तो आपल्या अगदी घरचा आहे, याची वाचकांना खात्री पटेल.

निमित्त घडले ते असे. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात वसतिगृहातील आठवीचा एक विद्यार्थी जिन्यावरून घसरून पडला. पोटदुखी थांबेना, म्हणून त्याला शहरातील एका रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी पोटाचा सीटी स्कॅन सांगितला. मुलाचे आईवडील ऊसतोडीसाठी परजिल्ह्यात; म्हणून संमतीपत्रावर पालक या नात्याने आम्ही सही केली. तपासणी आवश्यकच होती, मुलगा बरा झाला, आणि त्याबद्दल आम्ही त्या डॉक्टरांचे ऋणी आहोत. पुढे सुट्टीत आपल्याच विद्यालयाचा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. तो आज क्ष-किरण तंत्रज्ञ आहे. त्याने फाईल चाळली, किरणांच्या मात्रेच्या आकड्यावर बोट ठेवले आणि म्हणाला, "सर, हा आकडा आपल्या पोराचा नाही. हा बत्तीस सेंटिमीटर रुंदीच्या प्लॅस्टिकच्या चकतीचा आकडा आहे."

आम्ही चकित झालो. ज्या कागदावर मुलाचे नाव, वय आणि दिनांक, त्या कागदावरील आकडा मुलाचा नव्हे तर चकतीचा? त्याने समजावून सांगितले ते आम्ही पुढे वाचून, विचारून पक्के करून घेतले. त्या शोधातून उभे राहिलेले आमचे मत येथे मांडत आहोत.

यंत्र खरे बोलते की नाही, हे पाहण्यासाठी ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा साक्षीदार त्याच्यासमोर उभा करावा लागतो. जिवंत माणसाच्या पोटात काय आहे हे आधी ठाऊक नसते. म्हणून तर तपासणी. यासाठी ऊतींसारखे वागणाऱ्या पदार्थांची एक वस्तू घडविली जाते. तिला फँटम म्हणतात. आम्ही तिला प्रतिदेह म्हणू. प्रतिदेह माणसासारखा दिसावा लागतो असे नाही. बहुतेक वेळा तो साधी पेटी, नळकांडे किंवा चकती असते. मात्र तो माणसासारखा वागावा लागतो, आणि तोही ज्या यंत्रापुढे ठेवायचा त्या यंत्राच्या दृष्टीने. येथेच पदार्थाच्या निवडीचा प्रश्न उभा राहतो.

सोनोग्राफीचे उदाहरण घेऊ. हे यंत्र ध्वनिलहरी पाठविते, प्रतिध्वनी परत येण्यास लागलेला वेळ मोजते आणि त्यावरून खोली ठरविते. त्यासाठी शरीरातील ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर आहे, असे ते गृहीत धरते. आता साध्या पाण्याच्या भांड्यात दहा सेंटिमीटर खोलीवर एक तार ताणून ठेवली तर काय होईल? वीस अंश तापमानाच्या पाण्यात ध्वनीचा वेग सुमारे १४८० मीटर असतो. प्रतिध्वनी उशिरा परततो आणि यंत्र तार १०.४ सेंटिमीटरवर असल्याचे सांगते. यंत्र खोटे बोलले नाही. आपण चुकीचा साक्षीदार उभा केला. म्हणून पाण्यात ग्लिसरीन किंवा अल्कोहोल मिसळून वेग योग्य मूल्यापर्यंत वाढवावा लागतो. वेग जुळला तरी काम संपत नाही. ऊतींमधून जाताना ध्वनी क्षीण होतो आणि सूक्ष्म कणांवर आदळून विखुरतो. पडद्यावर दिसणारा यकृताचा करडा पोत त्या विखुरण्यातूनच उमटतो. निव्वळ पाणी पडद्यावर काळेभोर दिसते. तेव्हा पदार्थात बारीक भुकटीही हवी.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील मॅडसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली जिलेटिनमध्ये ग्रॅफाइटची भुकटी व अल्कोहोल मिसळून ही तिन्ही अंगे एकत्र साधली. पुढे आंतरराष्ट्रीय मानकात जी पाककृती स्थिर झाली, तिच्यात सुमारे ८३ टक्के पाणी, ११ टक्के ग्लिसरीन, ३ टक्के आगर आणि उरलेल्या भागात सिलिकॉन कार्बाइड व ॲल्युमिनियम ऑक्साइड यांची बारीक भुकटी आणि बुरशी येऊ नये म्हणून थोडे जंतुनाशक असते. आगर म्हणजे आपल्या भगिनी ज्याला चायना ग्रास म्हणतात तेच. १९९५ साली ब्यूड आणि ॲडलर या दोघा संशोधकांनी आणखी सोपी वाट दाखविली. जिलेटिनमध्ये त्यांनी चक्क इसबगोल घातले, आणि स्वस्तात ऊतीसारखा पोत मिळविला. ज्या इसबगोलाचे सर्वाधिक पीक आपल्याच देशात निघते आणि जे घरोघरी पोटासाठी घेतले जाते, ते पोटाच्या प्रतिदेहातही उपयोगी पडावे, हा योग मोठा बोलका आहे.

परंतु परदेशातील पाककृती जशीच्या तशी उचलून चालत नाही. जिलेटिन तिशी-पस्तिशीच्या तापमानातच मऊ होऊ लागते. मराठवाड्यातील उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, तेथे वीज गेलेल्या दुपारी जिलेटिनचा प्रतिदेह टिकणार नाही. आगर एकदा गोठले की सुमारे ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. म्हणजे थंड प्रदेशातील प्रयोगशाळेत जिलेटिन निवडणारा शहाणा आणि आपल्या तालुक्याच्या गावी आगर निवडणारा तितकाच शहाणा. आगरालाही दोष आहेत: ते वाळते, ठिसूळ असते, झाकून न ठेवल्यास काही दिवसांत त्यावर बुरशी येते. टिकाऊपणा हवा असेल तर युरेथेनचे रबर वर्षानुवर्षे टिकते. पण त्यातील ध्वनीचा वेग १४५० मीटरच्या आसपास असल्याने अंतराचे हिशेब बिघडतात आणि त्यांची वेगळी भरपाई करावी लागते. टिकाऊ साक्षीदार थोडा चुकतो, अचूक साक्षीदार लवकर सुकतो. निवड करणाऱ्याला यातून मार्ग काढावा लागतो.

आता हेच आगर सीटी स्कॅनपुढे ठेवा. क्ष-किरणांना ध्वनीच्या वेगाशी काही देणेघेणे नाही. त्यांना दिसते ती पदार्थाची घनता आणि त्यातील मूलद्रव्यांचे वजन. सीटीच्या मोजपट्टीवर पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या जवळपास आणि स्नायू अधिक ५० च्या आसपास. आगराची खळ तेथे पाण्यासारखीच दिसते; चरबीचे किंवा हाडाचे काम ती करू शकत नाही. हाडासाठी कॅल्शियमची संयुगे किंवा ॲल्युमिनियम घ्यावे लागते. यंत्रांच्या नित्य चाचणीसाठी जगभर ॲक्रिलिक प्लॅस्टिक वापरतात. त्याचा आकडा सव्वाशेच्या आसपास येतो, म्हणजे ते स्नायूही नाही आणि हाडही नाही. मग त्याची निवड का? कारण ते वाळत नाही, कुजत नाही, हवे तसे कापता येते आणि मुंबईत घेतले काय किंवा लंडनमध्ये घेतले काय, सारखेच असते.

एमआरआयचा प्रश्न तिसराच. त्या यंत्राला घट्ट प्लॅस्टिक जवळजवळ दिसतच नाही; ते पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा प्रतिसाद ऐकते. तेथे निकेल क्लोराइडसारखे क्षार मिसळलेले पाणी लागते, किंवा पुन्हा आगर; कारण त्यांच्या प्रमाणावरून प्रतिसादाचा विझण्याचा काळ कमी-जास्त करता येतो. पीव्हीए नावाच्या पदार्थाचे द्रावण गोठवून वितळविले की त्याची रबरासारखी खळ होते, आणि प्रत्येक आवर्तनागणिक ती अधिक कडक होत जाते. ती सोनोग्राफी व एमआरआय या दोहोंपुढे उभी राहू शकते, म्हणून तिला संशोधक मान देतात. पण सर्व यंत्रांपुढे सर्व बाबतींत खरा ठरणारा एकही पदार्थ नाही.

यावरून आमचे पहिले मत असे की, पदार्थ निवडताना "उत्तम कोणता?" हा प्रश्नच चुकीचा आहे. "कशाची परीक्षा घ्यायची आहे, कोणत्या यंत्राने, कोणत्या हवामानात आणि किती दिवस?" हे आधी ठरले पाहिजे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. ताम्रपटाला विचारायचा प्रश्न आपण लोकगीताला विचारीत नाही, आणि लोकगीताला विचारायचा प्रश्न ताम्रपटाला विचारीत नाही. साधन खरे की खोटे, हे प्रश्नावाचून ठरत नाही.

दुसरे मत अधिक महत्त्वाचे आहे, आणि त्यासाठीच हा लेख. प्रतिदेह घडवायचा तर आधी देह कोणाचा, हे ठरवावे लागते. आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोगाने १९७५ साली किरणांच्या मात्रेचे हिशेब करण्यासाठी एक प्रमाण माणूस वर्णिला. तो वीस ते तीस वर्षांचा, सत्तर किलो वजनाचा, एकशे सत्तर सेंटिमीटर उंचीचा, दहा ते वीस अंश सरासरी तापमानाच्या हवेत राहणारा, गौरवंशीय, आणि राहणीने पश्चिम युरोपीय किंवा उत्तर अमेरिकन होता. हे वर्णन कोणी दुष्टाव्याने केले, असे आम्ही म्हणत नाही. ज्यांनी मोजले, त्यांनी आपल्यासमोरची माणसे मोजली. त्यांच्याकडे माहिती होती ती त्यांचीच. परंतु त्या वर्णनात आमची ऊसतोड करणारी आई नव्हती, तिचे मूल नव्हते, बाईच नव्हती. २००२ साली आयोगाने स्त्रियांची व निरनिराळ्या वयाच्या मुलांची प्रमाणेही दिली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने आशियाई माणसाची मापे गोळा करण्याचे काम हाती घेतले, त्यात तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा वाटा होता आणि त्याचा अहवाल १९९८ साली निघाला. म्हणजे माप बदलते. पण कोणीतरी मोजावयास बसल्यावरच बदलते.

प्रमाण या शब्दाचे वजन आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको. आमची बोली ती अशुद्ध आणि दुसऱ्यांची ती प्रमाण, हे शाळेच्या पहिल्या दिवशी ज्यांनी ऐकले, त्यांना प्रमाण देहाची गोष्ट लवकर उमजते. प्रमाण नसावे असे आमचे म्हणणे नाही. प्रमाणावाचून मोजमाप नाही, मोजमापावाचून विज्ञान नाही. प्रश्न इतकाच की, प्रमाण ठरविताना कोणाचा देह समोर होता, हे स्पष्ट लिहिलेले असावे आणि ज्याचा देह समोर नव्हता त्याचा हिशेब वेगळा मांडलेला असावा.

त्या मुलाकडे परत येऊ. सीटी यंत्राची मात्रा मोजण्यासाठी ॲक्रिलिकच्या दोन चकत्या रूढ आहेत: डोक्यासाठी सोळा सेंटिमीटर व्यासाची आणि धडासाठी बत्तीस सेंटिमीटर व्यासाची. यंत्र छापते तो आकडा त्या चकतीत मोजलेल्या मात्रेवरून काढलेला असतो. देह सडपातळ असला की किरणांना अडविणारे मांस कमी, आणि आतल्या अवयवांपर्यंत तीच मात्रा अधिक पोहोचते. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०११ साली यासाठी गुणकांचे कोष्टक प्रसिद्ध केले. त्यानुसार धडाचा परिणामी व्यास वीस सेंटिमीटर असेल, तर बत्तीसच्या चकतीवरून काढलेल्या आकड्याला सुमारे पावणेदोनने गुणावे लागते. चोवीस सेंटिमीटर असेल तर सुमारे दीडने. आमच्या माजी विद्यार्थ्याने त्या सडपातळ मुलाचे धड वीस सेंटिमीटरच्या घरात धरले. म्हणजे कागदावर शंभर लिहिले असेल, तर त्या पोराच्या देहाचे उत्तर पावणेदोनशेच्या जवळ. यात घाबरण्यासारखे काही नाही. गरजेच्या तपासणीचा लाभ त्या मात्रेच्या धोक्याहून कितीतरी मोठा असतो, आणि कोणाही पालकाने हा लेख वाचून तपासणी टाळू नये. पण सही करताना आम्हांला हे ठाऊक नव्हते, आणि कागदावरही ते लिहिलेले नव्हते. आमची तक्रार एवढीच आहे.

दुसरे उदाहरण कातडीच्या रंगाचे. कोरोनाच्या काळात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आपण प्रत्येकाने हाताळले. ते चित्र काढणारे यंत्र नव्हे; पण प्रकाशाने चित्र काढणारी नवी यंत्रे ज्या तत्त्वावर चालतात, त्याच तत्त्वावर ते चालते. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील एका विख्यात वैद्यकीय नियतकालिकात मिशिगनच्या संशोधकांनी पडताळणी प्रसिद्ध केली. यंत्र ९२ ते ९६ दाखवीत असताना रक्तातील प्राणवायू प्रत्यक्षात ८८ टक्क्यांखाली असल्याचे प्रमाण त्यांच्या रुग्णालयात कृष्णवर्णीय रुग्णांच्या मोजण्यांत ११.७ टक्के, तर गौरवर्णीयांच्या मोजण्यांत ३.६ टक्के आढळले. गडद कातडीतील मेलॅनिन प्रकाश शोषते, आणि यंत्राने तिची पुरेशी ओळख करून घेतलेली नव्हती.

प्रकाशाच्या यंत्रांसाठी प्रतिदेह घडविताना सिलिकॉनच्या रबरात प्रकाश विखुरण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड आणि प्रकाश शोषण्यासाठी काळी शाई घालतात. त्या शाईला इंग्रजीत इंडिया इंक म्हणतात! देशाचे नाव शाईला मिळाले. त्या देशातील माणसांच्या कातडीच्या छटा प्रतिदेहात किती उतरल्या, हे मात्र शाईचे किती थेंब घालायचे हे ठरविणाऱ्यावर अवलंबून राहिले. फिकट ते गडद अशा सर्व छटांचे प्रतिदेह केल्याखेरीज प्रकाशाचे कोणतेही यंत्र पास करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. खर्च आहे तो चार थेंब शाईचा आणि थोड्या श्रमांचा.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. प्रत्येक प्रदेशाने आपला वेगळा प्रतिदेह केला, तर एका ठिकाणच्या यंत्राची तुलना दुसऱ्या ठिकाणच्या यंत्राशी कशी करायची? बत्तीसची चकती सर्वत्र सारखी आहे, हाच तिचा गुण आहे. आम्हांला हे मान्य आहे. चकती ही यंत्रायंत्रांची तुलना करण्याची फूटपट्टी आहे आणि ती तशीच एकसारखी राहावी. चूक चकतीत नाही. चूक होते ती फूटपट्टीच्या आकड्याला माणसाचा आकडा म्हणून वाचण्यात. यंत्रासाठी एकच प्रमाण असावे. माणसासाठी मात्र त्याच्या मापाचा गुणक लावावा आणि तो कागदावर लिहावा. या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत.

दुसरा आक्षेप असा की, चायना ग्रास आणि इसबगोल हा पोरखेळ आहे. हाही अर्धा मान्य. घरगुती प्रतिदेह अधिकृत चाचणीची जागा घेऊ शकत नाही. आपल्या देशात क्ष-किरण यंत्रांवर मुंबईच्या अणुऊर्जा नियामक परिषदेची देखरेख आहे, आणि ठरावीक मुदतीने प्रमाणित साधनांनी त्यांची तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. ते काम तसेच झाले पाहिजे. परंतु नवशिक्या परिचारिकेने किंवा डॉक्टरने सुई नेमकी कोठे जाते हे प्रथम कोणावर शिकावे? आगराच्या गोळ्यावर, की सरकारी दवाखान्यात रांगेत बसलेल्या गरीब बाईवर? शिकणाऱ्याचे पहिले दहा चुकलेले प्रयत्न कोणाच्या तरी देहावर होतातच. ते कोणाच्या देहावर होत आले, हे सांगण्यासाठी इतिहासाच्या पदवीची गरज नाही. या एका कारणासाठी तरी स्वस्त प्रतिदेह प्रत्येक परिचर्या महाविद्यालयात असला पाहिजे.

म्हणून आपल्या विद्यालयापुढे आम्ही एक साधा प्रस्ताव ठेवतो. आपल्या प्रयोगशाळेत नववी-दहावीच्या मुलांनी आगर व इसबगोलाचा प्रतिदेह तयार करावा. शंभर ग्रॅम मिश्रणास तीन ग्रॅम आगर. पाण्यात उकळून पूर्ण विरघळवावे, पन्नास अंशांपर्यंत निवू द्यावे म्हणजे भुकटी तळाशी बसणार नाही, आणि बुडबुडे न होऊ देता साच्यात ओतावे. कारण हवेचा एक बुडबुडा ध्वनीची वाट अडवितो. आत पाणी भरलेला लहान फुगा ठेवला की तो पाण्याच्या गाठीचे काम करतो. सोनोग्राफीचे यंत्र शाळेत आणता येणार नाही. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार ते नोंदणीकृत ठिकाणीच वापरावे लागते, आणि तो कायदा आपल्या लेकींसाठी आहे, त्याचा आदर राखलाच पाहिजे. म्हणून यंत्राने शाळेत येण्याऐवजी प्रतिदेहाने दवाखान्यात जावे. डॉक्टर झालेले आपले माजी विद्यार्थी मुलांना आपल्या नोंदणीकृत केंद्रात बोलावून, त्यांनीच केलेला गोळा त्यांना पडद्यावर दाखवू शकतील.

यंत्राशिवाय होणारा प्रयोगही आहे. आगराच्या दोन चकत्या कराव्यात, दोहोंत दूध सारखेच घालावे, एकीत शाईचा एक थेंब व दुसरीत पाच. मागून मोबाईलचा दिवा लावून पलीकडे किती उजेड येतो ते पाहावे. दिवा एकच, जाडी एकच, उजेड मात्र वेगळा. कातडीचा रंग हा माणसाच्या योग्यतेचा पुरावा नाही, हे आपण मुलांना सांगतोच. पण यंत्राने तो हिशेबात धरलाच पाहिजे, हे त्या दोन चकत्या न बोलता शिकवतील. समता म्हणजे सर्वांना एकच आकडा लावणे नव्हे, हा नागरिकशास्त्राचा धडा विज्ञानाच्या तासाला याहून चांगला कसा शिकविता येईल?

पालकांना आमची विनंती एवढीच की, मुलाचा सीटी स्कॅन करण्याची वेळ आली तर तपासणी नाकारू नका, मात्र नम्रपणे विचारा, "यंत्र मुलाच्या मापाला लावले आहे ना? आणि छापलेला आकडा कोणत्या चकतीचा?" चांगला तंत्रज्ञ या प्रश्नाने रागावणार नाही, उलट त्याला आनंद होईल. जे माजी विद्यार्थी आज तंत्रज्ञ, परिचारिका, अभियंते आहेत, त्यांना आमचे सांगणे असे की, मोजणाऱ्यांच्या बाजूला आता आपणही बसलो आहोत. ज्याच्या हातात फूटपट्टी आली, त्याने ती कोणाच्या मापाने कापली आहे हे आधी पाहावे.

तो मुलगा पुढे दहावी होऊन गेला. निरोपाच्या दिवशी त्याने आम्हांला विचारले, "सर, माझ्या फाईलवर तुम्ही पेन्सिलीने काय लिहिले होते?" आम्ही त्याला सांगितले: छापील आकड्याशेजारी तुझा आकडा लिहिला होता, बाळा.